त्रूव्हील की दोव्हील? : एका निवडीचा इतिहास

पॅरिसच्या सां-लाझार स्थानकावरून सुटून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर येऊन थांबणाऱ्या गाडीच्या शेवटच्या स्थानकाचे नाव जोडनाव आहे : त्रूव्हील-दोव्हील. स्थानकाबाहेर आल्यावर तूक नावाच्या लहानशा नदीवरचा पूल ओलांडला की त्रूव्हील लागते. पूल न ओलांडता चालत राहिले की दोव्हील. समोरचा समुद्र एकच, इंग्लिश खाडीचा. वाळूही एकच. भरती-ओहोटीच्या वेळा अर्थातच एकच. तरीही गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत सुट्टीसाठी या गाडीने आलेल्या प्रत्येकाला पुलाच्या अलीकडे राहायचे की पलीकडे, याचा निर्णय करावा लागला आहे.

प्रवासाची माहितीपत्रके हा प्रश्न चटकन सोडवतात. दोव्हील म्हणजे कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती, भव्य हॉटेले, चित्रपट महोत्सव आणि श्रीमंती. त्रूव्हील म्हणजे मच्छीमारांच्या होड्या, मासळीबाजार, अरुंद गल्ल्या, चित्रकार आणि लेखक. साहित्याचा विद्यार्थी असेल तर तो फारसा विचार न करता पूल ओलांडेल. फ्लोबेर त्रूव्हीलचा, प्रूस्तचे तरुणपणीचे काही उन्हाळे त्रूव्हीलचे, मार्गरीत द्यूरासचे घर त्रूव्हीलचे. मग दोव्हीलला जायचे कशासाठी? प्रस्तुत लेखाचा हेतू या वाचकाला पुलाच्या अलीकडे थोडा वेळ थांबवून ठेवण्याचा आहे. 'अस्सल' त्रूव्हील आणि 'कृत्रिम' दोव्हील ही विभागणी इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते आणि ती गृहीत धरल्याने साहित्यातील नेमके काय आपल्या नजरेतून सुटते, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ करायचा तर मुळात समुद्रकिनारा हे सुट्टीचे ठिकाण कधी झाले, येथून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये समुद्रस्नान हा प्रामुख्याने औषधोपचार होता. ही रीत इंग्लंडमधून आली. १८२४ पासून डचेस द बेरी ही राजघराण्यातील स्त्री उन्हाळ्यात दिएप येथे स्नानाला जाऊ लागली आणि वैद्याच्या सल्ल्याला प्रतिष्ठेचे वलय लाभले. या काळात त्रूव्हील हे तूक नदीच्या मुखाशी वसलेले मच्छीमारांचे गाव होते. पलीकडच्या तीरावर, टेकडीच्या उतारावर, दोव्हील नावाचे त्याहून लहान खेडे होते. त्या खेड्याच्या आणि समुद्राच्या मधली सगळी जागा वाळूच्या टेकड्यांची व दलदलीची होती. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. एका बाजूला मासेमारी होती, दुसऱ्या बाजूला गुरांची कुरणे होती, आणि दोन्हीकडच्या माणसांना समुद्राकडे टक लावून बसायला सवड नव्हती.

ही सवड बाहेरून आली. १८२५च्या सुमारास शार्ल मोझँ या चित्रकाराने त्रूव्हीलचा किनारा रंगवावयास घेतला. त्याची चित्रे पॅरिसमध्ये पाहिली गेली आणि गावाचे नाव लोकांच्या तोंडी आले. १८३१ मध्ये आलेक्झांद्र द्यूमा तेथे मुक्कामाला होता. गावातल्या खानावळीतील स्वस्त व भरपेट जेवणाचे वर्णन त्याने पुढे आपल्या आठवणींत मोठ्या चवीने केले. फ्रेंच वाङ्मयेतिहासात मोझँ आणि द्यूमा यांचा उल्लेख त्रूव्हीलचे 'शोधक' असा होतो. हा शब्द तपासून घ्यावा असा आहे. ज्या गावात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, त्याचा शोध लागतो म्हणजे काय होते? तर त्या गावाकडे पाहण्याची एक दृष्टी तयार होते, आणि ती दृष्टी गावकऱ्यांची नसते. मोझँच्या चित्रांतील होड्या कोणाच्या तरी उपजीविकेच्या होत्या. पॅरिसच्या भिंतीवर त्या टांगल्या गेल्या तेव्हा त्यांचे 'दृश्य' झाले. दृश्य झाले की पाहणारे येतात, आणि पाहणारे आले की त्यांच्या राहण्याची सोय करावी लागते. १८४७ पर्यंत त्रूव्हीलमध्ये कॅसिनो उभा राहिला होता. दोव्हीलच्या दलदलीत तेव्हा एकही हॉटेल नव्हते. कृत्रिमतेचा आरोप जर करायचाच असेल तर तो आधी त्रूव्हीलवर करावा लागेल.

या दोन टप्प्यांच्या मधोमध, १८३६च्या उन्हाळ्यात, रूआँच्या एका शल्यविशारदाचा चौदा वर्षांचा मुलगा कुटुंबासह त्रूव्हीलला आला होता. ग्युस्ताव्ह फ्लोबेरला तेथे एलिझा श्लेझिंजर भेटली. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी होती आणि एका संगीतप्रकाशकाबरोबर राहत होती. वाळूवर राहिलेले तिचे आवरणवस्त्र भरतीच्या पाण्यात भिजू नये म्हणून मुलाने ते उचलून बाजूला ठेवले आणि तिने त्याचे आभार मानले. १८३८ मध्ये लिहिलेल्या 'मेम्वार दँ फू' या किशोरवयीन लेखनात हा प्रसंग त्याने जवळजवळ जसाच्या तसा उतरवला आहे. पुढे तीसेक वर्षांनी, १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेंटिमेंटल एज्युकेशन' या कादंबरीच्या आरंभी तो पुन्हा येतो. फ्रेदेरिक मोरो मादाम आर्नूची शाल पाण्यात घसरण्यापूर्वी सावरतो. मात्र येथे समुद्र नाही. ही भेट १८४० साली, सेन नदीतून जाणाऱ्या आगबोटीवर घडते.

त्रूव्हीलचा किनारा फ्लोबेरने का गाळला? कादंबरीच्या रचनेच्या दृष्टीने याचे उत्तर देता येते. नदी वाहते, आगबोट पुढे जाते, आणि वाहत जाणे हाच फ्रेदेरिकच्या आयुष्याचा स्वभाव आहे. परंतु दुसरेही एक कारण संभवते. १८६९च्या वाचकाच्या मनात 'त्रूव्हील' या नावाबरोबर जे चित्र उभे राहत होते ते १८३६चे नव्हते. छत्र्या, फुगीर झगे, वाद्यवृंद, कॅसिनो यांनी ते नाव व्यापून टाकले होते. पहिल्या भेटीतले अवघडलेपण त्या नावात आता मावले नसते. फ्लोबेरला हे फार आधी जाणवले होते. 'मादाम बोव्हारी'चे लेखन चालू असताना, १८५३च्या ऑगस्टमध्ये तो त्रूव्हीलला पुन्हा गेला होता. तेथून लुईझ कोले हिला लिहिलेल्या पत्रांत तो पॅरिसच्या गर्दीवर आणि स्नानाला आलेल्या लोकांच्या बेढबपणावर वैतागला आहे. हे १८५३ साल लक्षात ठेवावे. दोव्हीलचा पाया घातला जाण्याच्या सहा-सात वर्षे आधीच त्रूव्हील 'बिघडले' होते. 'पूर्वी हे ठिकाण चांगले होते' ही तक्रार समुद्रकिनाऱ्यावरील पहिल्या हॉटेलाइतकीच जुनी असते.

बिघडलेल्या ठिकाणाला पर्याय हवा असतो, आणि पर्याय पुरवणे हा धंदा होऊ शकतो, हे ड्यूक द मॉर्नीने ओळखले. मॉर्नी हा सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा अनौरस सावत्र भाऊ. २ डिसेंबर १८५१च्या सत्तापालटाच्या सूत्रधारांपैकी तो एक होता आणि पुढे विधिमंडळाचा अध्यक्ष झाला. साखर, रेल्वे, जमीन, शर्यतीचे घोडे अशा अनेक ठिकाणी त्याचा पैसा गुंतलेला होता. पॅरिसमधील ब्रिटिश वकिलातीचा वैद्य जोझेफ ऑलिफ याचे त्रूव्हीलमध्ये घर होते. तेथून पलीकडच्या ओसाड वाळूकडे पाहून दोघांनी मिळून बेत केला. त्यांना बँकर दोनाँ आणि वास्तुकार ब्रने यांची साथ मिळाली. दलदल विकत घेण्यात आली, रस्ते सरळ रेषेत आखण्यात आले, भूखंड पाडण्यात आले. १८६३ मध्ये रेल्वे आली; स्थानक त्रूव्हीलच्या तीरावर न होता अलीकडच्या, म्हणजे नव्या नगराच्या तीरावर झाले. १८६४ मध्ये शर्यतींचे मैदान सुरू झाले. चार-पाच वर्षांत कुरणांच्या जागी एक नगर उभे राहिले. १८६५ मध्ये मॉर्नी मरण पावला.

येथून पुढे 'त्रूव्हील की दोव्हील' हा प्रश्न खऱ्या अर्थाने अस्तित्वात आला. आणि तो प्रश्न समुद्राविषयीचा नव्हताच. कोणाच्या शेजारी बसायचे, कोणाच्या नजरेस पडायचे, याविषयीचा तो होता. याची उत्तम साक्ष युजेन बूदँच्या चित्रांत मिळते. ओंफ्लरच्या एका दर्यावर्दीचा हा मुलगा १८६२ पासून त्रूव्हीलच्या किनाऱ्यावरील फॅशनेबल गर्दी रंगवू लागला. या चित्रांत समुद्रावर नजर लावून बसलेली माणसे थोडी दिसतात. बहुतेक जण खुर्च्या गोलाकार मांडून एकमेकांकडे तोंड करून बसलेली आहेत. वर प्रचंड आकाश आहे आणि त्याच्याशी त्यांचे काही देणेघेणे नाही. १८६७ मध्ये ब्रिटनी प्रांतातील कष्टकऱ्यांमध्ये राहून परतल्यावर बूदँने एका पत्रात, आपल्याला एके काळी प्रिय असलेला हा किनारा आता भेसूर सोंगांचा मेळा वाटतो, अशा आशयाची कबुली दिली. परंतु दुसऱ्याच वर्षी त्याने उलट बाजूही मांडली. धक्क्यावर मावळतीकडे चालत जाणाऱ्या या मध्यमवर्गीय माणसांनाही चित्रात स्थान मिळवण्याचा हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. ही दोन्ही मते एकाच माणसाची आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. सुट्टीच्या ठिकाणाविषयी लिहिणाऱ्या कोणालाही या दोहोंपैकी एकाच मतावर फार काळ टिकता येत नाही.

१८७०च्या उन्हाळ्यात हे दोन किनारे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची विलक्षण संधी इतिहासाने दिली आहे. जूनच्या अखेरीस क्लोद मोनेचे लग्न झाले आणि तो पत्नी कामीय व लहान मुलासह त्रूव्हीलला आला. जुलैमध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झाले. मोने त्रूव्हीलमध्ये रोश न्वार हॉटेलचे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या निशाणांचे, छत्रीखाली बसलेल्या कामीयचे चित्र रंगवीत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या 'द बीच अॅट त्रूव्हील' या त्याच्या चित्राच्या रंगलेपात त्या किनाऱ्यावरचे वाळूचे कण आजही चिकटलेले आहेत. सप्टेंबरच्या आरंभी सेदां येथे सम्राट शत्रूच्या हाती लागला, ४ तारखेला पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि सम्राज्ञी यूजेनी वेश पालटून बाहेर पडली. तिला मदत करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्य इव्हान्सची पत्नी तेव्हा कोठे होती? दोव्हीलच्या एका हॉटेलात, सुट्टीवर. सम्राज्ञी तेथे पोहोचली, सर जॉन बर्गॉइन या इंग्रज गृहस्थाच्या 'गॅझेल' नावाच्या शिडाच्या नौकेवर चढली आणि वादळी समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली. साम्राज्याने स्वतःच्या करमणुकीसाठी वसवलेले नगर साम्राज्याच्या पलायनाची वाट ठरले. मोनेही त्याच शरद ऋतूत, सैन्यभरती टाळून, खाडी ओलांडून लंडनला गेला. दोघांनीही सुट्टीच्या किनाऱ्याचा उपयोग एकाच कामासाठी केला.

साम्राज्य गेल्यावर दोव्हीलची कळा उतरली. आश्रयदाते पांगले, समुद्रही मागे सरला आणि किनाऱ्यालगत बांधलेला फिरण्याचा कठडा पाण्यापासून दूर पडला. शतकाच्या अखेरीस मॉर्नीचा कॅसिनो पाडला गेला. याच पडत्या काळात दोव्हीलच्या मातीशी साहित्याचा एक व्यवहार झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे.

फ्लोबेरची आई पाँ-लेव्हेक या, किनाऱ्यापासून बारा-एक किलोमीटरवर असलेल्या गावची. तिच्याकडून आलेल्या मालमत्तेमुळे या परिसरात कुटुंबाची जमीन होती. फ्लोबेरच्या वाट्याला दोव्हील येथील शेत आले होते आणि त्याच्या उत्पन्नावर त्याचा चरितार्थ मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. ज्या लेखकाला आपण त्रूव्हीलच्या खाती जमा करतो, तो कायद्याच्या दृष्टीने दोव्हीलचा जमीनदार होता. १८७५ मध्ये त्याची लाडकी भाची कॅरोलिन हिचा नवरा, लाकडाचा व्यापारी एर्नेस्त कोमांव्हील, दिवाळखोरीच्या काठावर आला. त्याला वाचवण्यासाठी फ्लोबेरने दोव्हीलचे शेत २,००,००० फ्रँकना विकून टाकले. मॉर्नीचे नगर वसण्यापूर्वी या पट्ट्यातील जमिनीला गवत आणि गुरे यांच्यापलीकडे मोल नव्हते. आता ते होते. ज्या सुट्टीखोरांवर लेखक वैतागला होता, त्यांनीच त्याच्या जमिनीचा भाव वाढवून ठेवला होता. शेत गेले, लेखकाची आर्थिक निश्चिंती गेली. खचलेल्या मनःस्थितीत तो ब्रिटनीतील काँकार्नो या किनाऱ्यावरील गावी जाऊन राहिला आणि तेथे लहान कथांकडे वळला. १८७६च्या वसंतात त्याने पाँ-लेव्हेक आणि ओंफ्लर येथे एक फेरी मारली आणि त्याच वर्षी 'अ सिंपल हार्ट' लिहून पूर्ण केली. १८७७ मध्ये 'थ्री टेल्स'मध्ये ती प्रसिद्ध झाली.

आपल्याकडील बहुतेक विद्यार्थी ही कथा इंग्रजी अनुवादातून वाचतात आणि ती एका भाबड्या मोलकरणीची व तिच्या पोपटाची कथा म्हणून लक्षात ठेवतात. परंतु कथेच्या मध्यावर सुट्टीचे एक प्रकरण आहे. मादाम ओबँच्या मुलीची, व्हिर्जिनीची, प्रकृती बैलाच्या प्रसंगानंतर बिघडते आणि वैद्य त्रूव्हीलच्या समुद्रस्नानाचा सल्ला देतात. त्या काळी तेथे फारसे कोणी जात नसे, असे निवेदक सांगतो. मादाम ओबँ चौकशी करते, आपल्या विश्वासातल्या गृहस्थाचा सल्ला घेते, लांबच्या प्रवासाला निघावे तशी तयारी करते. सामान आदल्या दिवशी गाडीतून पुढे जाते. आणि हा सगळा प्रवास आहे बारा किलोमीटरचा. वाटेत तूक येथील स्वतःच्या शेतावर ही मंडळी थांबतात. तेथे कुळाची बायको आर्जवी स्वरात त्यांचे आदरातिथ्य करते. त्रूव्हीलला मुलीपाशी स्नानाचा पोशाख नाही, म्हणून ती साध्या अंतर्वस्त्रातच पाण्यात उतरते, आणि फेलिसिते जकातरक्षकाच्या झोपडीत तिचे कपडे बदलते. ना कॅसिनो, ना वाद्यवृंद. हे सगळे अशा माणसाने लिहिले, ज्याने नुकतेच त्याच परिसरातील आपले शेत विकले होते. या कथेतील त्रूव्हील इतके मोकळे, इतके वाऱ्याचे वाटते, त्यामागे हा विरह असणार.

पण फ्लोबेर स्मरणरंजनाशी थांबत नाही. त्या किनाऱ्यावर फेलिसितेला तिची हरवलेली बहीण भेटते. कडेवर तान्हे मूल, हाताशी दुसरे आणि जहाजावर कामाला असलेला एक मुलगा, अशी ती एका मच्छीमार वस्तीतली बाई आहे. मादाम ओबँ पंधरा मिनिटांत त्यांची बोळवण करते. पुढे ही मंडळी स्वयंपाकघराच्या आसपास, फिरण्याच्या वाटेवर दिसत राहतात. फेलिसिते त्यांच्यासाठी पांघरूण, सदरे, शेगडी विकत घेते. मालकिणीला हे आवडत नाही. त्यातच तो भाचा तिच्या मुलाला 'तू' म्हणतो, हे तिला खुपते. व्हिर्जिनी खोकू लागते, हंगाम सरतो आणि सुट्टी संपते.

या 'तू'वर वर्गात थोडा वेळ थांबावयास हवे. मराठी वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी अनुवादकाला मात्र तो शब्द खुलासा करूनच आणावा लागतो. सुट्टीच्या ठिकाणी दोन प्रकारची माणसे एकाच वाळूवर असतात. एकाला ती वाळू निवडीने लाभलेली असते, दुसऱ्याला जन्माने. पहिला दुसऱ्याला पाहतो, रंगवतो, त्याच्याकडून मासे घेतो. परंतु दुसऱ्याने पहिल्याला 'तू' म्हटले की हंगाम आटोपता घेण्याची वेळ येते. फेलिसितेने त्रूव्हील निवडले नव्हते. तिने आयुष्यात फारच थोड्या गोष्टी निवडल्या. तिचा वार्षिक पगार फ्लोबेरने शंभर फ्रँक सांगितला आहे. त्या दराने, दोव्हीलच्या ज्या शेताच्या पैशाने लेखकाच्या भाचेजावयाची अब्रू वाचली, ते विकत घेण्यासाठी तिला दोन हजार वर्षे राबावे लागले असते. हा हिशेब कथेत नाही. तो मी मांडला आहे. पण शंभर हा आकडा कथेच्या अगदी पहिल्या वाक्यांत घालणाऱ्या लेखकाला हिशेब कळत नव्हता, असे मला वाटत नाही.

दोव्हीलचे दिवस पुन्हा पालटले ते विसाव्या शतकात, आणि तेही पुलावरून अलीकडे आलेल्या एका माणसामुळे. पॅरिसच्या मॅक्झिम्स उपाहारगृहाला नावारूपाला आणणारा यूजेन कोर्न्यूशे हा त्रूव्हीलचा कॅसिनो चालवीत असे. नगरपालिकेशी त्याचे बिनसले आणि तो नदी ओलांडून दोव्हीलला आला. १९१२ मध्ये नवा कॅसिनो आणि नॉर्मंडी हॉटेल उघडले, १९१३ मध्ये रॉयल हॉटेल. त्रूव्हीलनेही १९१२ मध्येच आपला नवा भव्य कॅसिनो बांधला, पण पारडे फिरले होते. यातील नॉर्मंडी हॉटेलाचे बांधकाम पाहण्यासारखे आहे. शेकडो खोल्यांची ही इमारत लाकडी चौकटी, उतरती छपरे आणि खेडवळ अंगण यांनी नॉर्मंडीतील जुन्या वाड्याचा व शेतघराचा भास निर्माण करते. खरी शेते विकली गेल्यावर शेतघराच्या रूपाचे हॉटेल उभे राहिले. १९१३ साली कोको शानेलने दोव्हीलमध्ये दुकान थाटले आणि खलाशी व मच्छीमार यांच्या अंगावरील सैल, विणलेल्या कपड्यांचे वळण श्रीमंत स्त्रियांच्या पोशाखात आणले. पलीकडच्या तीरावरचा सदरा अलीकडच्या तीरावर आला तो असा. किंमत अर्थातच बदलली. १९२० नंतर किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांची प्रसिद्ध वाट झाली. १९२५च्या 'द ग्रेट गॅट्सबी'मध्ये टॉम आणि डेझी बुकॅनन यांच्या भटकंतीतले एक ठाणे म्हणून दोव्हीलचे नुसते नाव येते; नाव पुरेसे होते. १९६६ मध्ये क्लोद ललूशच्या 'अ मॅन अँड अ वुमन' या चित्रपटाने त्याच किनाऱ्याला हिवाळी, धूसर, एकाकी रूप दिले आणि १९७५ पासून तेथे अमेरिकन चित्रपटांचा महोत्सव भरू लागला.

लेखकांनी या काळात काय केले? प्रूस्तने निवडीलाच बगल दिली. तरुणपणी तो त्रूव्हीलला आईसोबत रोश न्वार हॉटेलात राहिला होता. १९०७ ते १९१४ या वर्षांत तो दर उन्हाळ्यात जवळच्याच काबूरला जात असे. कादंबरीत मात्र त्याने या सगळ्यांचे मिळून बाल्बेक नावाचे काल्पनिक गाव रचले. तेथील ग्रँड हॉटेलच्या भोजनगृहाच्या काचेबाहेर अंधारात स्थानिक मच्छीमार व कामकरी उभे राहून आतल्या झगमगाटाकडे पाहतात, आणि ही काच कायम टिकेल का, असा प्रश्न निवेदकाला पडतो. फ्लोबेरच्या स्वयंपाकघराबाहेर घुटमळणारे कुटुंबच येथे काचेबाहेर येऊन उभे राहिले आहे, असे म्हणता येईल.

मार्गरीत द्यूरासने १९६३ मध्ये रोश न्वारमध्ये एक सदनिका घेतली. मोनेने रंगवलेले, प्रूस्तने राहून पाहिलेले ते हॉटेल आता निवासी इमारत झाले होते. १९८०च्या उन्हाळ्यात 'लिबेरास्याँ' या दैनिकासाठी तिने दर आठवड्याला जे लिहिले, त्यात खिडकीतून दिसणारा पावसाळी किनारा आहे, सुट्टीच्या शिबिरातील मुले आहेत, एक अबोल मुलगा व त्याला सांभाळणारी तरुणी आहे, आणि मधूनच पोलंडमधील ग्दान्स्कच्या गोदी कामगारांचा संप आहे. सुट्टीच्या किनाऱ्यावर बसून कामगारांचा समुद्रकिनारा आठवणे, हे तिला विसंगत वाटले नाही. त्रूव्हीलचे 'अस्सलपण' जर कोठे असेल तर ते अशा आठवणीत आहे. दगड-विटांत ते शोधू नये. तेथील १९३६ साली बांधलेला मासळीबाजार २००६ मध्ये आगीत जळाला आणि जुन्याच रूपात पुन्हा बांधण्यात आला. त्याच्या लाकडी चौकटी आणि नॉर्मंडी हॉटेलाच्या लाकडी चौकटी एकाच शैलीच्या आहेत, आणि दोन्ही विसाव्या शतकातील आहेत.

आता पुन्हा स्थानकावर येऊ. त्रूव्हील की दोव्हील? माझे उत्तर मागितले तर मी पूल ओलांडूनच जाईन. आवड ही आवड असते. परंतु त्या आवडीला मी सद्गुण समजणार नाही. त्रूव्हील आधी विकले गेले आणि दोव्हील नंतर, एवढाच कालक्रमाचा फरक या दोघांत आहे. आधी विकले गेलेल्या जागेवर काळाची साय धरते, तिला आपण परंपरा म्हणतो. साहित्यात 'स्थळ' शिकवताना आपण वातावरण, प्रतीक, पार्श्वभूमी हे शब्द सहज वापरतो. त्यांच्या जोडीला आणखी दोन साधे प्रश्न विचारता येतील : ती जमीन कोणाच्या नावावर होती, आणि तेथे येणे कोणाच्या मर्जीवर होते?

गाडीने जाणाऱ्याने शेवटच्या स्थानकाच्या आधी खिडकीबाहेर लक्ष ठेवावे. त्रूव्हील-दोव्हीलच्या काही मिनिटे अलीकडे पाँ-लेव्हेकचे स्थानक लागते. मादाम ओबँने जी वाट जणू परदेशगमन असावे अशा तयारीने पार केली, ती आता हातातले पान उलटेपर्यंत संपते. त्या गावी सुट्टीसाठी फारसे कोणी उतरत नाही. फेलिसितेने त्या घरी अर्धे शतक काढले. त्यातला एकच हंगाम तिला समुद्राकाठी मिळाला, आणि त्या हंगामातही ती दुसऱ्याच्या मुलीचे ओले कपडे बदलत होती.